पैंजणांची आटणी

पोतदार : तयार टाक आहेत की माझ्याकडे, चांदीवर ठसा मारलेले. ही काय डबी. जुने पैंजण मोडीत घाला, यातला पसंत पडेल तो उचला आणि पुढच्या एसटीनं घरी जा. आटवत कशाला बसायचं?

उज्वला : तयार नगं काका. हेच पैंजण आटवायचं, न ह्याच चांदीचा टाक पाडायचा. त्यासाठनं तर पौडात आलोय आमी.

रूपाली : सकाळपासून मी हेच सांगतेय हिला. काका, तुम्ही सोनार आहात, तुम्हीच सांगा. तयार टाक चालतो ना? सगळे तोच नेतात ना?

पोतदार : बहुतेक सगळे तोच नेतात. चांदी ती चांदी, तिच्यावर कुणाचं नाव नसतं. पण तू कोण बाळ? यांची मुलगी?

रूपाली : ह्यांची नाही. ज्यांचा टाक करायचाय त्यांची.

उज्वला : सखूबाईंची लेक हाय ती. रूपाली. मी दुसरी.

पोतदार : अस्सं. म्हणजे देव्हाऱ्यातला नको, गळ्यातला हवाय. मागं कडी लावावी लागेल.

उज्वला : व्हय. मोठीचा टाक. काळ्या दोऱ्यात ओवून देशीला?

रूपाली : बघा काका, काय पद्धत आहे आमच्यात. पहिली बायको गेली की दुसरीनं तिला गळ्यात बांधून हिंडायचं. नवं लुगडं आलं, आधी टाकाला लावायचं. पुरणपोळी केली, आधी टाकाला टेकवायची. आई होती तेव्हा तिला एवढं आधी कुणी वाढलेलं मी बघितलं नाही.

पोतदार : जीभ धारदार आहे. शाळेत जातेस?

उज्वला : जाती तर. नववीला हाय, हितंच पौडात. उद्या भाषण हाय तिचं, इंग्लिशमदी. आठ दिस झालं गुरांच्या म्होरं बोलून बघती. म्हशी बी आता 'थँक्यू' म्हणत्यात.

रूपाली : मावशी, गप ना.

पोतदार : कशावर भाषण आहे?

रूपाली : एका शब्दावर. आमच्या नव्या इंग्रजीच्या मॅडमनी प्रत्येकाला एकेक शब्द वाटून दिलाय. त्याचे अर्थ शोधायचे, तो कुठून आला ते शोधायचं, आणि सगळ्या शाळेपुढं उभं राहून सांगायचं. प्रियंकाला 'ब्रिज' आला. अमोलला 'विंडो'. मला आला 'मेल्ट'.

पोतदार : मेल्ट म्हणजे वितळणं. झालं की भाषण.

रूपाली : तुम्हाला वाटतं तसं. मला पण आधी तसंच वाटलं, म्हटलं आपल्याला फारच फालतू शब्द आला. मग मॅडमनी मोठी डिक्शनरी दिली. काका, आपल्याकडे बघा, बर्फ वितळतो, मीठ विरघळतं, थंडीत थिजलेलं तूप उन्हात ठेवलं की पाघळतं. आई लोणी कढवायची. तुम्ही चांदी…

पोतदार : आटवतो.

रूपाली : आटवता. हे मी लिहिलंच नव्हतं, आता घालते. तर आपल्याकडे एवढे सगळे, आणि इंग्रजांना एकात भागतं. बर्फ मेल्ट, लोणी मेल्ट, राग मेल्ट. एखाद्याची दया आली तरी काळीज मेल्ट.

उज्वला : चीज मेल्ट. माण गावाला मुलींच्या हॉस्टेलात मी मेस बघायचे ना काका, लग्नाच्या आधी, तवा त्या कॉम्प्युटरवाल्या पोरी यायच्या आन् म्हणायच्या, ताई, एक चीज मेल्ट. पयल्या दिशी मी म्हनलं, मेल्ट संपलंय, उद्या या.

रूपाली : हे तू मला कधी सांगितलं नाहीस.

उज्वला : तू इचारतीस कुटं.

पोतदार : मग आला कुठून हा शब्द? ते शोधलंस?

रूपाली : शोधलं तर. हजार वर्षांपूर्वीपासून आहे तो इंग्रजीत, तेव्हा 'मेल्टन' म्हणायचे. आणि एक गंमत आहे, त्याचं जुनं रूप होतं 'मोल्टन'. ते आता मोडून गेलं, फक्त फार मोठ्या आचेवर जे वितळतं त्याच्यापुरतं शिल्लक राहिलं. म्हणजे धातू, काच, ज्वालामुखीतला रस. लोण्याला कुणी मोल्टन म्हणत नाही. लोणी मेल्टेड.

पोतदार : म्हणजे चांदी मोल्टन.

रूपाली : बरोबर. आणि त्याच्या अजून मागं गेलं ना, की इंग्रजी, लॅटिन, आपलं संस्कृत, सगळ्या भाषा एकाच खोडाला जाऊन मिळतात. तिथं ह्याचा मूळ अर्थ वितळणं नाहीच. तिथं अर्थ आहे नरम पडणं. त्याच मुळातनं संस्कृतात 'मृदु' झाला. आणि मृदुचा घासत घासत आपला 'मऊ'. म्हणजे मेल्ट आणि मऊ सख्खी चुलत भावंडं आहेत काका. मॅडम म्हणाल्या, हे वाक्य म्हणताना जरा थांब, लोकांना कळू दे.

पोतदार : कळलं. मला तरी कळलं. चांदीचंही तसंच आहे, आटायच्या आधी ती नरम पडते. बरं, मग काय ठरलं तुमचं? चांदी आटवायला मूस ठेवू का नको?

उज्वला : ठेवा.

रूपाली : नको.

पोतदार : दोघींनी एक काहीतरी सांगा. घरच्या पुरुषमाणसाचं काय म्हणणं आहे? कोण आलंय बरोबर?

रूपाली : माझे वडील आलेत, आबा, पण स्टँडवर बसलेत. लवासात रिकाम्या बिल्डिंगांची राखण करतात ते, आज रजा काढली. इथपर्यंत आले, दुकानाची पाटी बघितली आणि म्हणाले, तुम्ही व्हा पुढं, मी चहा घेतो. चहा सोडून वर्ष झालं त्यांना.

उज्वला : त्येनला बघवणार न्हाई. म्हून मी म्हनलं, बसा तुमी.

रूपाली : त्यांना बघवणार नाही, मग मला कसं बघवेल, हा विचार कुणी केलाच नाही. मावशी, मी परत एकदा सांगते, नीट ऐक. काकांकडं तयार टाक आहे. तो घे. तुझं काम होतंय. भावकीतल्या बायकांना काय, गळ्यात टाक दिसला की झालं, त्या काय चांदी चाटून बघणारेत? आणि पैंजण माझ्याकडं राहू दे. कुणाचं काही बिघडत नाही ह्यात.

उज्वला : माजं बिघडतं.

रूपाली : काय बिघडतं?

उज्वला : तयार टाक म्हंजे कुणीबी बाई. गळ्यात घालून मी हिंडायची, न आत कोण, तर कुणास ठाऊक. मला सखूबाई पायजेत.

रूपाली : तू तिला बघितलं पण नाहीस.

उज्वला : तेच तर. लग्न करून वर वाडीवर आले, चूल तिची, माठ तिचा, गोठ्यातल्या म्हशी तिच्या हाकेवर. मी हाक मारली की माना वळवून माज्या मागं बगायच्या. कोन हाय मागं? घरात एक फोटो न्हाई. तुज्या आबाच्या मोबाइलात हाय एक, जत्रंतला, त्यात बी सात बायका न सखूबाईंचं अर्धं तोंड कुणाच्यातरी खांद्याआड. इचारायला गेलं की आबा उठून जातोय न तू पुस्तकात तोंड घालतीस. मी कुणाच्या जागेवर बसलेय ते मला कळाया नगं?

रूपाली : आणि भावकीतल्या बायका काय काय बोलल्या, ते?

उज्वला : बोलल्या ते बी हाय. खोटं कशाला सांगू.

पोतदार : काय बोलल्या?

रूपाली : मी सांगते काका, ही सांगणार नाही. हिला दिवस गेले होते, ते टिकलं नाही. तर उत्तरक्रियेला जमल्यासारख्या सगळ्या जमल्या, आणि तानूबाई चुलती म्हणाली, मोठीला गळ्यात घेतली न्हाई, ती बरी टिकू देईल. माझ्या आईबद्दल. जिनं गाभण शेळीला कधी जोरात हाकललं नाही, ती म्हणे… त्या दिवशी मी तिथंच बोलले असते. पण ही रडत होती, म्हणून नाही बोलले.

उज्वला : मला तसं वाटत न्हाई, रूपे. देवाशपथ. सखूबाई माजं वाईट करत्याल असं माज्या मनात बी न्हाई आलं.

रूपाली : मग?

उज्वला : भ्याव वाटतं, तेवडं खरं. पर ते त्यांचं न्हाई. एकलीचं भ्याव हाय ते. तू शाळंत, आबा लवासात, न मी वर त्या घरात. म्हनलं, गळ्यात असत्या तर बोलता तरी आलं असतं.

पोतदार : बाळ, मी मधे पडू नये, पण एक सांगतो. एवढं आहे तर एक घुंगरू काढून देतो तुला. बाकीचं आटवू. आठवणीला आठवण, आणि यांचं कामही झालं.

रूपाली : ते मला पण सुचलं होतं रात्री. नको. हे पैंजण… मावशी, तुला मी एक सांगितलेलं नाही. आबांना पण नाही.

उज्वला : सांग की.

रूपाली : आईला कावीळ झाली होती. आधी गावठी औषध झालं, मग पौड, मग पुण्यात नेलं. तिथं नर्स म्हणाल्या, अंगावरचं सगळं काढा. मंगळसूत्र आबांनी काढलं, जोडवी निघाली. पैंजण निघेनात. पाय सुजले होते ना, आणि फिरकी मळ धरून घट्ट बसलेली. नर्स म्हणाल्या, कापू. आई नको म्हणाली. मग मी खाली बसून साबण लावला आणि हळूहळू फिरकी सोडवली. ती हसायला लागली. म्हणाली, गुदगुल्या करतीस व्हय. पायाला वण पडला होता, पैंजणाच्या आकाराचा, पांढरा. मी म्हटलं, घरी आलीस की मीच घालते परत. ती म्हणाली, बरं. बरं म्हणाली. तेवढंच. मग आत नेलं तिला. मी पैंजण दप्तराच्या बाजूच्या कप्प्यात ठेवले, पाण्याची बाटली असते तिथं. आणि त्या फिरक्या अजून उघड्या आहेत. बघा काका, मी लावल्याच नाहीत. घालायचे आहेत ना परत, मग कशाला लावायच्या, असं. आता मी मोठी आहे, मला कळतं सगळं. पण आज ते आटले, की मग कधीच घालायचे राहणार नाहीत.

उज्वला : काका, द्या ते. पिशवीत घाला. ऱ्हाऊ दे.

पोतदार : आणि टाक?

उज्वला : टाक बी नगं. तयार बी नगं. चल रूपे, आबा वाट बगत असंल.

रूपाली : घरी काय सांगशील?

उज्वला : सांगीन, सोनार न्हाई म्हनला.

पोतदार : ढकला माझ्यावर. माझे खांदे झिजलेत, अजून एक ओझं पेलेल.

रूपाली : चुलती ऐकायची नाही. टाक नाही म्हणून येत्या लग्नातही तुला हळद दळायला बसू देणार नाही. मागच्या खेपेला तू भांडी घासत बसली होतीस मागच्या दारी, मी बघितलंय.

उज्वला : भांडी काय, मेसात रोज ढिगारा घासायचे. त्यानं काय हात झडत्यात? चल.

रूपाली : थांब.

उज्वला : आता काय?

रूपाली : ती पिशवी हलव जरा.

उज्वला : का?

रूपाली : हलव तर. … ऐकलंस? मी पण घरी कोणी नसलं की हलवते. आई गोठ्याकडनं यायची ना, तर एक पाय जड पडायचा, एक हलका. छन्, मग जरा थांबून छुन्. पायरीवर थांबायची, भारा टाकायची, मग पुन्हा. आम्ही आतून ओळखायचो, आज भारा मोठा आहे, आज दमलीय, आज कुणावर तरी चिडलीय. पिशवीत हे वाजतात ना, ते नुसते वाजतात. मी कितीही करून बघितलं. पायात घालून पण बघितले एकदा.

उज्वला : मग?

रूपाली : मी चालले, तर माझ्यासारखे वाजले. त्या मेल्ट शब्दाचा अजून एक अर्थ आहे, तो मी भाषणात घेतलेला नाही. माणूस हळूहळू दिसेनासं होणं. गर्दीत जातं, धुक्यात जातं, आणि मग कुठं संपलं ते सांगता येत नाही. त्याला पण तोच शब्द. मॅडमनी विचारलं, हा का गाळलास? मी म्हटलं, वेळात बसत नाही. आवाज जायला लागलाय आईचा, मावशी. बरं म्हणाली ते आठवतं, पण कोणत्या आवाजात म्हणाली ते येत नाही. आणि मी हे पैंजण धरून बसलेय, जसं काय ह्यांच्यात तो आहे.

उज्वला : मला सांगत जा. येवडं तेवडं, येईल ते. मी धरून ठेवीन. माजं डोस्कं रिकामंच हाय.

रूपाली : काका, ठेवा मूस.

उज्वला : आगं नगं. माज्यासाठी नगं करू.

रूपाली : तुझ्या एकटीसाठी नाही. आई तिथं अशी अर्ध्यावर बसलीय ना, फिरक्या उघड्या टाकून, तिला तरी कुठं बरं वाटत असेल. काका, पण घुंगरू बाजूला काढायचं नाही. सगळे आत. आणि मी बघणार, मला बाहेर बसवू नका.

पोतदार : डोळ्यांना झळ लागेल. ह्या काचेतून बघ. मावशीचा हात धर हवं तर.

(मूस आचेवर चढते. पोतदार गॅसची आच वाढवत नेतो.)

रूपाली : अजून तसेच आहेत. लाल झाले, पण नक्षी सगळी दिसतेय.

पोतदार : शेवटपर्यंत दिसते. चांदी मोठी मानी.

रूपाली : घुंगरं गळायला लागली, मावशी. बघ. एकेक सुटतंय.

पोतदार : जोडावरचा डाख आधी पातळ होतो. जिथं जिथं सांधलंय, तिथनं सुटत जातं.

उज्वला : नगं बगू.

रूपाली : बघते. … बसले. एकदम खाली बसले. आता पाणीच आहे नुसतं. हलतंय.

पोतदार : आता ओततो. मागं सरका दोघी.

रूपाली : काका, त्याच्यावर चेहरा कोणाचा येणार?

पोतदार : ठसा एकच असतो बाळ. माझ्या आज्यापासूनचा. डोक्यावर पदर, हात जोडलेले. सगळ्या बायकांना तोच.

रूपाली : आई पदर घ्यायची नाही डोक्यावर. रुमाल बांधायची, भारा घ्यावा लागतो म्हणून. आणि हात जोडून उभी राहिलेली मी तिला कधी बघितलीच नाही, तिच्या हातात सारखं काहीतरी असायचं.

पोतदार : ते नाही जमायचं. ठशात येतं तेच येतं.

रूपाली : मग त्या डबीतल्यांत आणि ह्याच्यात फरक काय राहिला? दिसायला तर सारखाच.

उज्वला : दिसण्यात काईच न्हाई. तुला ठाऊक न मला ठाऊक, तेवडाच फरक.

पोतदार : बसा त्या बाकावर. ठोकून, ठसा मारून, कडी लावून देतो. चहा सांगू?

उज्वला : नगं. आबाला निरोप द्यायला पायजे, येळ लागंल म्हून.

रूपाली : मी फोन केला. काय चाललंय विचारलं नाही त्यांनी. म्हणाले, सावकाश होऊ दे, तुमची जागा धरून ठेवतो स्टँडवर. जसं काय गर्दी आहे.

पोतदार : घ्या. झाला. पाण्यात विझवून पुसलाय. दोरा बांधायचा कुणी? आमच्यात सोनार बांधत नाही.

उज्वला : घरी सासूनं बांधायचा असतोय. सासू न्हाई आमाला.

रूपाली : मी बांधते. वळ. केस वर धर. … गाठ मारू का दोन?

उज्वला : मार. सुटाया नगं.

रूपाली : चल आता. पिशवी राहू दे, रिकामीच आहे. मी घेते.

उज्वला : हळू चल की रूपे, रस्त्यानं पळतीस कशापायी. एसटी काय लागली न्हाई अजून.

रूपाली : टोचतोय का तो?

उज्वला : न्हाई टोचत. ऊन लागतोय जरा.

रूपाली : काकांनी पाण्यात घातला होता की. गारच होता, मी बांधताना.

उज्वला : मग माज्याच अंगाचं ऊन धरलं असंल त्यानं. बग, हात लाव. हाय का न्हाई?

रूपाली : हलू नको मावशी. जरा अशीच थांब.